आल्लान एदवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनच्या बर्गमनचा किंवा रशियाच्या तार्कोव्स्कीचा सिनेमा पाहून झाला की कुणी ना कुणी विचारतंच: तो दुसरा माणूस कोण हो? चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. बहुतेक वेळा तो माणूस आल्लान एदवाल असतो. एकच उत्तर दहा जणांना वेगवेगळं लिहिण्यापेक्षा सगळे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरांत सिनेमाचा शेवट उघड होतो, तसं तिथे सांगितलं आहे.

१. आल्लान एदवाल म्हणजे नक्की कोण?

स्वीडनचे चरित्र अभिनेते. जन्म २५ ऑगस्ट १९२४, मृत्यू ७ फेब्रुवारी १९९७, स्टॉकहोम. इंगमार बर्गमन, यान ट्रोएल आणि आंद्रेई तार्कोव्स्की या तिघा दिग्दर्शकांच्या सिनेमात त्यांनी कामं केली. स्वीडिश लेखिका आस्त्रिद लिंडग्रेन यांच्या बालकथांवरच्या चित्रपटांत तर ते घरच्यासारखेच वावरले. शिवाय ते लेखक होते, दिग्दर्शक होते, स्वतःची गाणी स्वतः रचून गात आणि आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्यांनी स्वतःचं छोटं नाट्यगृह चालवलं. देखणा नायक ते कधीच नव्हते. शेतकरी, भिकारी, पोस्टमन, दरोडेखोर, चर्चचा सेवेकरी अशा माणसांच्या भूमिका त्यांच्याकडे आल्या आणि त्यांतली एकही त्यांनी वरवर उरकली नाही.

२. नावाचा उच्चार कसा करायचा?

‘आल्लान एदवाल’. ‘एडवॉल’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार आहे. स्वीडिशमधला ‘द’ आपल्या ‘द’सारखाच दाताला जीभ लावून येतो, तेव्हा मराठी माणसाला अडचण नाही.

३. ते मूळचे कुठले? अभिनय कुठे शिकले?

मध्य स्वीडनच्या पश्चिमेकडे, नॉर्वेच्या सीमेला लागून येम्टलांड हा प्रांत आहे. तिथलं हिस्मोफोर्स हे त्यांचं गाव. इंडाल्स नदीकाठची ही वस्ती कागदाचा लगदा बनवणाऱ्या कारखान्याभोवती वाढलेली. राजधानीच्या सुशिक्षित घरांतून आलेल्या नटांच्या तुलनेत ते वेगळ्याच मातीतले होते आणि ते पडद्यावर दिसतं. कष्टकरी माणूस उभा कसा राहतो, टोपी हातात कशी धरतो, मोठ्या माणसासमोर बोलताना वाक्य कुठे तोडतो, हे त्यांना शिकवावं लागलं नसणार असं मला नेहमी वाटतं.

१९४९ मध्ये ते स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहाच्या, म्हणजे ‘द्रामातेन’च्या अभिनय शाळेत दाखल झाले आणि १९५२ मध्ये बाहेर पडले. प्रसिद्ध नटी ग्रेटा गार्बो त्याच शाळेतल्या. बर्गमनचे नट माक्स फॉन सिदोव्ह १९४८ ते १९५१ या काळात तिथेच शिकत होते.

४. एकच सिनेमा पाहायचा असेल तर कोणता?

मोठ्यांसाठी ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ (प्रश्न ७). घरात लहान मुलं असतील तर ‘रास्मुस पो लुफेन’ (प्रश्न ११). वेळ फक्त दीड तासाचा असेल आणि मन शांत असेल तर ‘विंटर लाइट’ (प्रश्न ५). माझं स्वतःचं मत विचाराल, तर शेवटचा.

५. ‘विंटर लाइट’मध्ये ते शेवटीशेवटी येतात. त्या एका प्रसंगाचं एवढं कौतुक का?

(शेवट उघड होतो.) १९६३ चा सिनेमा. गुन्नार ब्यर्नस्ट्रांद यांनी रंगवलेल्या पाद्र्याची श्रद्धा आटून गेली आहे. एदवाल आल्गोत फ्रॉविक नावाचा सेवेकरी झाले आहेत. पूर्वी रेल्वेत होता, शरीर मोडल्यामुळे नोकरी सुटली, पाठीला बाक, सतत वेदना. आता तो मेणबत्त्या लावणं आणि घंटा वाजवणं ही कामं करतो.

संध्याकाळची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी आल्गोत पाद्र्याला विचारतो, एक बोलू का? रात्री दुखण्याने झोप लागत नाही, म्हणून तुम्ही सांगितलंत तसं शुभवर्तमान वाचायला घेतलं. वाचताना एक गोष्ट खटकली. येशूच्या शारीरिक यातनांवर सगळे एवढा भर का देतात? त्या तर काही तासांच्या होत्या. लहान तोंडी मोठा घास नको, पण शरीराचं म्हणाल तर तेवढं मीही सोसलं आहे. खरं दुःख वेगळंच असणार. सोबतचे शिष्य झोपी गेले, त्यांना काहीच कळलं नव्हतं. आणि क्रुसावर असताना क्षणभर त्याला वाटलं असेल, की वर कुणी नाहीच. ते सगळ्यात भयंकर नसेल का?

हे बोलणं एदवाल तत्त्वज्ञाच्या थाटात करत नाहीत. गावातला साधा माणूस साहेबांचा वेळ घेतोय, म्हणून आधीच ओशाळलेला. आवाज खाली, मान किंचित वाकडी, मध्येच थांबून शब्द शोधणं. आपण पाद्र्याच्याच जखमेवर बोट ठेवलंय, याचा आल्गोतला पत्ताही नाही. नटाने ते माहीत असल्याची एक झाक जरी दाखवली असती, तरी प्रसंग कोसळला असता. एदवाल ती दाखवत नाहीत. पाद्री उठतो आणि जवळजवळ रिकाम्या चर्चमध्ये प्रार्थना सुरू करतो.

६. ‘द व्हर्जिन स्प्रिंग’च्या श्रेयनामावलीत नाव आहे, पण मला ते दिसलेच नाहीत. चूक आहे का?

चूक नाही. १९६० च्या या सिनेमात ते भिकारी झाले आहेत. तिघा गुन्हेगार मेंढपाळांतला सर्वांत लहान मुलगा भीतीने थिजून पडलेला असतो. रात्री त्याच्याजवळ येऊन जो माणूस छताच्या भोकाशी थरथरणाऱ्या धुराबद्दल बोलतो, तेच एदवाल. प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा. पुन्हा पाहाल तेव्हा आवाजावरून ओळखा, चेहऱ्यावरून नको.

७. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’मध्ये ते लवकर मरतात. मग त्यांच्या भूमिकेला एवढं महत्त्व कशासाठी?

मेल्यावरही ते जात नाहीत, म्हणून. (पुढे कथा उघड होते.)

१९०७ चा नाताळ. ऑस्कर एकदाल हा फॅनी आणि अलेक्झांडरचा बाप एका गावातलं नाट्यगृह चालवतो. नाताळच्या खेळानंतर तो कंपनीतल्या माणसांसमोर छोटंसं भाषण करायला उभा राहतो. दरवर्षी करतो, दरवर्षी त्याला ते जड जातं. तो सांगतो, की माझ्यात गुण असलाच तर एवढाच: या जाड भिंतींच्या आतलं हे छोटं जग मला फार आवडतं. बाहेर मोठं जग आहे. कधीकधी हे छोटं जग त्या मोठ्या जगाचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणजे ते आपल्याला थोडं जास्त कळतं. किंवा निदान इथे आलेल्या माणसांना बाहेरच्या कठोर जगाचा घटकाभर विसर पडतो. बोलता बोलता त्याचा गळा दाटतो आणि तो गडबडीने भाषण आवरतं घेतो.

त्यानंतर ‘हॅम्लेट’च्या तालमीत बापाच्या भुताची भूमिका करताना तो कोसळतो. आणि पुढे खरोखरच भूत होऊन, पांढऱ्या कपड्यांत, मुलाला दिसत राहतो. हे भूत घाबरवत नाही. ते काही करू शकत नाही, आणि हीच त्याची व्यथा. मुलं सावत्र बापाच्या जाचात आहेत आणि खरा बाप दारात नुसता उभा. उन्हाळ्यातल्या घरी ऑस्करची म्हातारी आई आणि मेलेला मुलगा शेजारी बसून बोलतात, तो प्रसंग चुकवू नका. आई त्याचा हात हातात घेते. गुन वोल्ग्रेन आणि एदवाल इतक्या सहज बोलतात, की यातलं एक जण जिवंत नाही हे आपण विसरतो.

८. याच सिनेमाच्या दोन आवृत्त्या आहेत. एदवाल यांच्यासाठी कोणती पाहावी?

मोठी. चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती १८८ मिनिटांची, दूरचित्रवाणीसाठीची ३१२ मिनिटांची. मोठ्या आवृत्तीत ऑस्कर रात्री मुलांच्या खोलीत जातो, तिथलीच एक साधी खुर्ची उचलतो आणि तिची गोष्ट रचून सांगतो. ही खुर्ची चीनच्या सम्राज्ञीची, जगातली सगळ्यात मौल्यवान. बघता बघता त्या खुर्चीभोवती सगळी मुलं श्वास रोखून बसतात. छोट्या आवृत्तीत हे नाही. नाट्यगृहातल्या भाषणाचा अर्थ जर कुठे डोळ्यांना दिसत असेल, तर तो इथे: काही खर्च नाही, नेपथ्य नाही, एक लाकडी खुर्ची आणि बापाचा आवाज.

९. एदवाल यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला होता का?

त्यांना नाही. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ला १९८४ मध्ये चार ऑस्कर मिळाली: परभाषी चित्रपट, छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि वेशभूषा. ‘द व्हर्जिन स्प्रिंग’नेही परभाषी चित्रपटाचं ऑस्कर घेतलं होतं. एदवाल यांना स्वतःच्या अभिनयासाठी मिळालेला मोठा पुरस्कार म्हणजे स्वीडनचा ‘गुल्डबागे’. तो बर्गमनच्या सिनेमासाठी नव्हता, लिंडग्रेन यांच्या खोड्याळ एमिलच्या मालिकेतल्या (प्रश्न १०) तिसऱ्या चित्रपटासाठी होता. मुलांच्या सिनेमातल्या विनोदी बापाला देशातला सर्वोत्तम अभिनेता ठरवणाऱ्या परीक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

१०. एमिलवर ओरडणारा बाप म्हणजे हेच ना? आणि जर्मनीत मुलं त्याला ‘मिशेल’ का म्हणतात?

हो, हेच. जर्मनीत राहणारे मराठी आईबाप हमखास हे विचारतात, कारण त्यांची मुलं ‘मिशेल’ पाहत मोठी होतात. मालिका तीच. जर्मन लेखक एरिश केस्टनर यांच्या कादंबरीमुळे जर्मन वाचकांच्या मनात ‘एमिल’ हे नाव आधीच पक्कं बसलं होतं, म्हणून तिथे एमिलचा मिशेल झाला.

ओले हेलबोम दिग्दर्शित तीन चित्रपट १९७१, १९७२ आणि १९७३ मध्ये आले. स्मोलांद प्रांतातलं जुन्या काळचं शेत, खोड्याळ एमिल आणि त्याचा बाप आंतोन. आंतोन चिकट आहे, तापट आहे. एमिलचं डोकं सूपाच्या भांड्यात अडकतं, तेव्हा पोराची काळजी आणि भांड्याची किंमत या दोन्ही गोष्टी त्याच्या चेहऱ्यावर एकदम दिसतात. मग ती प्रसिद्ध आरोळी: ‘एऽऽमिल!’ पोरगं पळत जाऊन लाकडाच्या खोपीत आतून कडी घालून बसतं आणि शिक्षा म्हणून एकेक लाकडी माणूस कोरत राहतं.

आजच्या आईबापांना आंतोन क्रूर वाटू शकतो, तसं मला विचारलंही जातं. नीट पाहा. आरोळी संपल्यावर एदवाल यांचे खांदे पडतात. पोराच्या अकलेपुढे हतबल झालेला, दमलेला शेतकरी उरतो. तो भीतीदायक होत नाही, कारण तोही बिचारा दर वेळी हरतोच. एदवाल येम्टलांडचे असूनही इथे त्यांनी स्मोलांदची बोली धरली आहे, हेही लक्षात घ्या.

११. लिंडग्रेन यांच्या आणखी कुठल्या कथांत ते आहेत?

यादी मोठी आहे. ‘ब्रदर्स लायनहार्ट’ (१९७७) मध्ये जुलमी राजाच्या दरीत बंडखोरांना आसरा देणारा म्हातारा मातियास. ‘मादिकेन’च्या चित्रपटांत दारूडा शेजारी निल्सन. ‘रोन्या’ (१९८४) मध्ये दरोडेखोरांच्या गढीतला म्हातारा टकला पेर. हा पेर जेव्हा मरतो, तेव्हा दरोडेखोरांचा धटिंगण नायक लहान पोरासारखा रडतो: तो नेहमीच होता, आता नाही. त्या रडण्याला वजन येतं ते पेरने आधीच्या प्रसंगांत शांतपणे जागा भरून ठेवल्यामुळे.

सगळ्यांत जवळचा मात्र ‘रास्मुस पो लुफेन’ (१९८१). अनाथाश्रमातून पळालेला रास्मुस आणि त्याला वाटेत भेटलेला अकॉर्डियन वाजवणारा भटक्या ऑस्कर. मुलाला दत्तक घेणारे श्रीमंत आईबाप हवे असतात. शेवटी निवडायची वेळ येते तेव्हा तो कुणाची बाजू घेतो, ते सांगत नाही. इथे एदवाल जवळजवळ नायक आहेत (प्रश्न १३ पाहा). ऑस्कर मुलाशी लाडीगोडीने बोलत नाही. बरोबरीच्या सोबत्याशी बोलावं तसं बोलतो, म्हणून मुलांना तो पटतो. दिग्दर्शक हेलबोम पुढच्याच वर्षी गेले, हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

१२. ‘द सॅक्रिफाइस’मधला पोस्टमन ओट्टो: वेडा, संत की चेटक्या?

१९८६ चा सिनेमा, तार्कोव्स्कीचा शेवटचा. चित्रीकरण गोटलांद बेटावर. ओट्टो हा निवृत्त इतिहास शिक्षक. फावल्या वेळात टपाल वाटतो आणि स्पष्टीकरण न देता येणाऱ्या घटना गोळा करतो. पहिल्याच लांबलचक दृश्यात तो वाढदिवसाची तार घेऊन सायकलवरून येतो, घरमालक आलेक्झांडरभोवती घिरट्या घालत तत्त्वज्ञ नीत्शेबद्दल बोलतो आणि तेवढ्यात छोटा मुलगा त्याची सायकल दोरीने झुडपाला बांधून ठेवतो. निघायला जातो आणि अडकतो.

पुढे गप्पा मारता मारता ओट्टो अचानक जमिनीवर कोसळतो. उठून सांगतो, की एक दुष्ट देवदूत जवळून स्पर्श करून गेला. दुसऱ्या कुणा नटाच्या तोंडी हे हास्यास्पद झालं असतं किंवा गूढतेचं सोंग वाटलं असतं. एदवाल ते ‘पाय घसरला’ म्हणावं इतक्या साधेपणाने सांगतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं भेटवस्तूच्या प्रसंगात आहे. वाढदिवसाला ओट्टो युरोपचा एक जुना नकाशा घेऊन येतो, प्रत नाही, अस्सल. आलेक्झांडर संकोचतो, एवढी मोठी भेट कशी घेऊ? ओट्टो म्हणतो, प्रत्येक भेटीत त्याग असतोच, नाहीतर ती भेट कसली? सिनेमाचं नाव ज्यावरून आहे ती कल्पना पहिल्यांदा या पोस्टमनच्या तोंडून येते. तो त्या घरातला एकमेव माणूस आहे, ज्याचा आपल्या बोलण्यावर पूर्ण विश्वास आहे.

१३. त्यांनी कधी नायक म्हणून काम केलंच नाही का?

केलं. १९६६ मध्ये स्वीडिश लेखक स्ट्रिंडबेरी यांच्या ‘हेम्सयबुर्ना’ कादंबरीवर दूरचित्रवाणी मालिका आली. स्टॉकहोमजवळच्या बेटांवरची शेती सांभाळायला आलेला आणि विधवा मालकिणीच्या घरात हळूहळू पाय रोवणारा कार्लसन हा तिचा नायक, तो एदवाल यांनी केला. याच मालिकेने तरुण नट स्वेन वोल्तेर घराघरांत पोचले. १९८३ मध्ये एदवाल यांच्याच कादंबरीवर ‘लिम्पान’ हा चित्रपट आला, त्यातही मुख्य भूमिका त्यांचीच. पण हे ‘नायक’ही चरित्र भूमिकाच आहेत. त्यांच्या बाबतीत ही विभागणी फारशी कामाची नाही.

१४. ट्रोएल यांच्या ‘द एमिग्रंट्स’मध्ये ते कोण आहेत?

दान्येल, म्हणजे अभिनेत्री लिव उलमनने रंगवलेल्या क्रिस्तिनाचा मामा. एकोणिसाव्या शतकातला शेतकरी, अधिकृत चर्चला न जुमानता घरीच प्रार्थना भरवतो आणि त्यापायी छळ सोसतो. अमेरिकेला जाण्यामागे इतरांना भूक आहे, त्याला श्रद्धा. कट्टर माणूस रंगवताना एदवाल त्याला कर्कश करत नाहीत. उलट तो इतका प्रेमळ आहे, की त्याच्या हट्टाचीच धास्ती वाटते.

१५. एरलांद योसेफसोन आणि एदवाल यांच्यात माझा नेहमी गोंधळ होतो.

अनेकांचा होतो, कारण दोघे दोन सिनेमांत एकत्र आहेत. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’मध्ये योसेफसोन म्हणजे मुलांची सुटका करणारा इसाक, एदवाल म्हणजे बाप ऑस्कर. ‘द सॅक्रिफाइस’मध्ये योसेफसोन म्हणजे घरमालक आलेक्झांडर, एदवाल म्हणजे पोस्टमन. योसेफसोन विचार करणारे दिसतात, एदवाल ऐकणारे. माझी खूण ही.

१६. ते गायकही होते म्हणे?

होते. १९७९ च्या ‘ग्रोव्हडोप्पा’पासून त्यांचे संग्रह येत गेले. शब्द आणि चाल त्यांचीच. ‘ओर्स्तीदेर’ म्हणजे ऋतू, आणि ‘देन लिला बेकेन’ म्हणजे छोटा ओढा, ही गाणी आजही इतर गायक गातात. आवाज कमावलेला नाही, थोडा खरखरीत, बोलल्यासारखा. स्वीडिश मुलांच्या पिढ्यांनी त्यांचा आवाज ऐकला तो आणखी एका वाटेने: विनी द पू अस्वलाच्या गोष्टी त्यांनी रेडिओवर वाचल्या.

१७. दिग्दर्शन आणि स्वतःचं नाट्यगृह यांबद्दल सांगाल का?

१९८४ मध्ये त्यांनी ‘ओके ओक हान्स वेर्ल्ड’, म्हणजे ओके आणि त्याचं जग, हा सिनेमा दिग्दर्शित केला. बेर्तिल मालमबेर्य यांच्या कादंबरीवरचा. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या नजरेतून एक गाव, त्यातली भीती आणि आनंद.

नाट्यगृहाचं नाव पत्त्यावरूनच पडलं: ‘तेआतेर ब्रुन्सगातान फीरा’, ब्रुन्स गल्ली, क्रमांक चार. १९८६ मध्ये स्टॉकहोमच्या मध्यवस्तीतल्या तळघरात त्यांनी ते सुरू केलं. देशातल्या सर्वांत मोठ्या रंगभूमीवर आणि पडद्यावर नाव कमावलेला साठीचा नट एका चिंचोळ्या तळघरात, हातभर अंतरावर बसलेल्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला. त्याआधी चारच वर्षं पडद्यावर त्यांनी जाड भिंतींच्या आतल्या छोट्या जगाचं भाषण केलं होतं (प्रश्न ७). ती वाक्यं बर्गमनने लिहिलेली, पण ती जगून दाखवली एदवाल यांनी.

१९९७ मध्ये ते गेल्यावर नाट्यगृह बंद पडलं नाही. कवयित्री आणि नाटककार क्रिस्तिना लुन यांनी ते हाती घेतलं. पुढे त्या साहित्याचं नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीच्या सदस्य झाल्या.

१८. ‘द सॅक्रिफाइस’ रशियन सिनेमा आहे ना? मग एदवाल यांचा आवाज खरा कुठला समजायचा?

दिग्दर्शक रशियन, सिनेमा स्वीडिश. तार्कोव्स्कीला स्वीडिश येत नव्हतं, सेटवर दुभाषीच्या मदतीने काम चालायचं. त्यामुळे स्वीडिश आवृत्तीतला आवाज एदवाल यांचाच आहे, रशियन बोलणारी प्रत हाती आली तर ती डब केलेली समजा. हेच एमिलच्या जर्मन प्रतीलाही लागू: चेहरा त्यांचा, आरोळी दुसऱ्याची. मुलांना आधी ओळखीच्या भाषेत दाखवलंत तरी चालेल. पण नंतर पाच मिनिटं मूळ स्वीडिश लावा आणि खोपीकडे धावणारा एमिल येईपर्यंत थांबा.